डोक्यावर घेतलेल्या मंडळ्या

ज्याचे नाव झाले, त्याच्या नावाची झडती घेणारे लोकही त्याच्याबरोबरच जन्मास येतात, हा जगाचा जुना रिवाज आहे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्या समाजास मोठ्या नावाविषयी संशय घेणे नवीन नाही. देवळातील कीर्तनकार असो, तालमीतील मल्ल असो, की रंगभूमीवरील नट असो. चौघांनी त्यास डोक्यावर घेतले की पाचवा मनुष्य हटकून म्हणणारच, ‘ह्यात एवढे काय आहे?’ हा पाचवा मनुष्य पुष्कळदा मत्सरी असतो, कधी कधी नुसता हट्टी असतो, आणि क्वचित तोच एकटा खरा जाणता असतो. तो ह्या तिघांपैकी कोण, हे ओळखावे कसे, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

ह्या विषयाकडे मन वळण्यास डोंबिवलीहून आलेले एक पत्र कारण झाले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी ह्या मासिकाच्या जुन्या वाचक आहेत. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. एका रविवारी चिरंजिवांचे मित्र घरी जमले असता, विलायतेतील व अमेरिकेतील नामांकित रॉक बँडांपैकी कोणाकोणास लोकांनी उगीच डोक्यावर घेतले आहे, ह्यावर वाद रंगला. बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन, निर्वाणा, कोल्डप्ले अशी एकेक नावे चौकशीस उभी राहिली, आणि बहुतेकांवर ‘ओव्हररेटेड’ असा शिक्का बसून ती खाली बसली. आतल्या खोलीत आजोबा हे सर्व ऐकत होते. ते बाहेर येऊन म्हणाले, ‘अरे, ह्या सगळ्या गोंगाटालाच कोणी डोक्यावर का घ्यावे, ते मला आधी सांगा पाहू.’ त्यावर नातू म्हणाला, ‘आजोबा, मग तुमचे बालगंधर्व तरी काय? तेही ओव्हररेटेडच!’ आजोबा काही बोलले नाहीत. मात्र रोज सकाळी त्या घरात नाट्यपदे लागत असत, ती त्या दिवसापासून बंद झाली. ‘मुलास दटावावे, की मामंजींची समजूत घालावी?’ असे भगिनींनी विचारले आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे की, मुलास दटावू नये. त्याने प्रश्न विचारला, ह्यात अपराध नाही. प्रश्न अर्धाच विचारला, एवढेच उणे आहे. आणि हे उणे एकट्या नातवाचे नव्हे, आजोबांच्या प्रश्नातही ते तितकेच आहे. ते कसे, हे जरा विस्ताराने सांगावे लागेल.

प्रथम एक योगायोग पाहा. २०२५ च्या जानेवारीत, १० तारखेस, ‘संगीत मानापमान’ ह्या नावाचा बोलपट प्रदर्शित झाला. काकासाहेब खाडिलकरांच्या १९११ सालच्या नाटकावर तो आधारलेला असून, त्याचे संगीत शंकर-एहसान-लॉय ह्या आजच्या त्रयीचे आहे. त्याच महिन्यात १८, १९ आणि २१ ह्या तारखांस नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर कोल्डप्ले ह्या इंग्रजी बँडचे जलसे झाले. त्यांची तिकिटे आदल्या सप्टेंबरात विक्रीस निघाली, ती पाहता पाहता संपली, आणि काळ्या बाजारात त्यांचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. ठाण्याहून नेरूळला लोकलची सोय असल्यामुळे आमच्या ह्या पंचक्रोशीतील कितीतरी तरुण तेथे जाऊन आले. ‘एवढे पैसे मोजून, तासन् तास उभे राहून ऐकण्यासारखे त्यात आहे तरी काय?’ असा प्रश्न त्या दिवसांत ज्या घरांतून उमटला, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले. प्रेक्षकांत दोन तट अगोदरपासूनच होते. एकास गंधर्वांचा मृदू, सुरेल, लयीत न्हालेला गळा म्हणजे संगीताची परिसीमा वाटे. दुसऱ्यास केशवरावांचा तडफदार, उंच चढणारा आवाज म्हणजेच खरे गाणे वाटे. त्या रात्री कोणी कोणावर मात केली, ह्याचा निकाल शंभर वर्षांनंतरही लागलेला नाही. त्यानंतर तीन महिने पुरे होण्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्यामुळे वाद मिटला नाही. फक्त एका पक्षाचा पुरावा कायमचा थांबला.

आमच्या जुन्या नाटक मंडळ्या आणि आजच्या पोरांचे बँड ह्यांत मला वाटते त्याहून अधिक साम्य आहे. मंडळीचा स्वतःचा गायक, स्वतःचे साजिंदे, स्वतःच्या चाली, स्वतःचा थाट, गावोगावी मुक्काम, आणि अखेर आपसांत बेबनाव होऊन नवी मंडळी निघणे, हे सर्व दोहोंकडे सारखेच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जी मंडळी उभी केली, तिच्यातून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे १९१८ साली त्याच किर्लोस्कर मंडळीतून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे निघाले व त्यांची बलवंत संगीत मंडळी झाली. लिव्हरपूलचे चार तरुण १९७० साली एकमेकांपासून विभक्त झाले, तेव्हा जगभर हळहळ झाली. आमच्याकडे अशी हळहळ त्याच्या अर्धशतक आधी दोनदा होऊन गेली होती. तेव्हा बँड म्हणजे काय, हे आजोबांस कळणार नाही असे नातवाने समजू नये. आणि बँड म्हणजे नुसता गोंगाट, असे आजोबांनीही समजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमक्यास उगीच डोक्यावर घेतले आहे, असे ज्यास म्हणावयाचे असेल, त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत, असे मला वाटते. पहिला: कोणत्या गुणासाठी? दुसरा: कोणाच्या मानाने? आणि तिसरा: तू जे ऐकलेस, ते त्याचेच होते काय? शाळेत निबंध तपासताना ‘मुद्दा सांगा’ असा शेरा मारण्याची मला सवय आहे. ‘ओव्हररेटेड’ ह्या एका शब्दावर मी तोच शेरा मारीन.

पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर गंधर्व मंडळीसच घासून पाहू. मंडळीची कीर्ती एक नव्हती, निदान चार कीर्ती तिच्यात गुंतल्या होत्या: मुख्य नटाच्या गाण्याची, त्याच्या स्त्री-भूमिकांची, चालींची, आणि थाटामाटाची. ‘स्वयंवरा’च्या (१९१६) चाली गायनाचार्य भास्करबुवा बखल्यांच्या, ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘एकच प्याला’ (१९१९) हे नाटक गडकऱ्यांचे, पण ते रंगभूमीवर येण्यापूर्वीच गडकरी निवर्तल्यामुळे त्यातील पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष ह्यांच्यासारखे साजिंदे पुढे ह्या मंडळीच्या पदरी होते. म्हणजे लोक ज्यास एका मनुष्याची कीर्ती म्हणत, ती कित्येक गुणवंतांच्या श्रमाची बेरीज होती. ती बेरीज एकाच्या नावे मांडली गेली, हा अतिरेक म्हणावयाचा तर म्हणता येईल. पण त्यामुळे त्या एकाचा गळा उणा ठरत नाही.

मी माझे मत लपवून ठेवणार नाही. बालगंधर्वांचे गाणे जेवढे डोक्यावर घेतले गेले, तेवढ्याची त्याची योग्यता होती. स्वर लावताच तो जागेवर बसणे, शब्दाचा अर्थ न मोडता त्यास आळविणे, आणि लयीशी लडिवाळपणे खेळत समेवर अलगद येणे, हे तीन गुण एकत्र मिळणे दुर्मीळ होय. परंतु गंधर्व नाटक मंडळी ही नाटक करणारी संस्था म्हणून जेवढी थोर मानली गेली, तेवढी ती होती, असे मला म्हणवत नाही. भरजरी शालू, उंची अत्तरे, किमती पडदे ह्यांपायी मंडळी कर्जात बुडाली. एकेका पदास ‘वन्स मोअर’ मिळत जाई आणि कथानक तिष्ठत उभे राही. रुक्मिणीची व्यथा प्रेक्षक विसरत आणि गायकाची तान तेवढी लक्षात ठेवीत. काळ बदलला तरी स्त्री-भूमिका पुरुषानेच कराव्या हा आग्रह सुटला नाही. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पदांची गर्दी हटविली. त्यानंतर तर ते जुने वैभव मागे पडत चालले हे कोणाही डोळसास दिसण्यासारखे होते. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्वांनी एकनाथांची पुरुष-भूमिका केली. पण पन्नाशी उलटल्यावरही ते लुगडे नेसून रंगभूमीवर उभे राहत, आणि भक्त मंडळी त्यातही पूर्वीचेच सौंदर्य पाहत. ही भक्ती होय, रसिकता नव्हे.

दुसरा प्रश्न: कोणाच्या मानाने? एकास अधिक मिळाले, असे म्हणावयाचे, तर कोणास तरी कमी मिळाले असले पाहिजे. माझ्या मते ते कमी ललितकलादर्शाच्या वाट्यास आले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस केशवरावांनी ही संस्था काढली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती चालविली. मामा वरेरकरांची नाटके ह्या संस्थेने केली, त्यांचे विषय पाहा: ‘हाच मुलाचा बाप’ (१९१६) हुंड्यावर, ‘तुरुंगाच्या दारात’ (१९२३) अस्पृश्यतेवर, ‘सोन्याचा कळस’ (१९३२) गिरणी-कामगारांवर. इतर मंडळ्या पुराणातील स्वयंवरे मांडीत असता आपल्या ओसरीवरील प्रश्न रंगभूमीवर आणण्याचे धैर्य ह्या मंडळीने दाखविले. तरीही आमच्या घरांत गंधर्वांचे छायाचित्र जितके आढळते, तितके केशवरावांचे किंवा बापूरावांचे आढळत नाही.

बलवंत मंडळीचीही गोष्ट अशीच. वीर वामनराव जोशांचे ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) ह्यांस वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांचा विजेसारखा चपळ, आक्रमक गळा लाभला. गंधर्वांचा अनुयायी त्यास ‘आरडाओरडा’ म्हणे. दीनानाथांचा अनुयायी गंधर्वांच्या गाण्यास ‘मिळमिळीत’ म्हणे. एकाच्या गाण्यात जे नव्हते, तेच त्यात का नाही, म्हणून दोघे भांडत. दीनानाथ १९४२ साली एकेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि आज पुष्कळांस त्यांची ओळख लता मंगेशकरांचे वडील एवढीच उरली आहे. कीर्तीच्या बाजारात वजने नेहमी खरी असतात, असे नाही, हे ह्यावरून दिसेल. पण वजन खोटे आहे, असे सिद्ध करावयाचे, तर दुसऱ्या पारड्यात काहीतरी घालून दाखवावे लागते. नुसते ‘ओव्हररेटेड’ म्हणून उठणारा मनुष्य रिकाम्या पारड्याकडे बोट दाखवितो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तू जे ऐकलेस, ते त्याचेच होते काय? किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर त्यांच्या काळी महाराष्ट्राचे कंठमणी होते. ते १९०१ साली वारले आणि आपल्या देशात ध्वनिमुद्रण करणारी विलायती मंडळी १९०२ साली आली. एका वर्षाचा फरक पडला, आणि एक गळा केवळ ऐकीव आठवणींत उरला. भास्करबुवा १९२२ पर्यंत होते, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या सुदैवाने पुष्कळ आहेत; पण जुन्या तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. रंगभूमीवर जे पद ‘वन्स मोअर’ घेत घेत फुलत जाई, त्याची घाईघाईने घातलेली घडी तेवढी आपल्या हाती आहे. त्यातही आजच्या पुष्कळ तरुणांस ‘बालगंधर्व’ म्हणून जे ठाऊक आहे, ते २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ ह्या चित्रपटातून. आणि त्यात गळा आनंद भाट्यांचा आहे. तो गळा उत्तम आहे ह्यात संशय नाही. पण आंब्याची परीक्षा आंबावडी खाऊन करू नये.

उलट पक्षी बीटल्स मंडळींचे पाहा. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत आपले आपल्यासच गाणे ऐकू येईना, अशी त्यांची अवस्था झाली होती. अखेर १९६६ साली त्यांनी दौरे कायमचे बंद केले आणि पुढचे सर्व श्रम ध्वनिमुद्रणगृहात ओतले. १९६७ साली निघालेली त्यांची सुप्रसिद्ध तबकडी रंगमंचासाठी नव्हतीच. तबकडी हीच त्यांची कलाकृती होती. म्हणजे बीटल्स ऐकणाऱ्या नातवाच्या हाती मूळ कृती संपूर्ण आहे. बालगंधर्व ऐकताना मात्र त्याच्या हाती एक तुकडा आहे. पूर्ण वस्तूशी तुकड्याची तुलना करून तुकड्यास लहान म्हणणे, ही तर्कशास्त्रात न बसणारी गोष्ट आहे.

पण हाच न्याय आजोबांसही लागू होतो. हे पत्र वाचून मी हिशेब मांडून पाहिला. बालगंधर्वांचा ऐन बहराचा काळ म्हणजे १९०५ ते १९३०. तो काळ जाणत्या वयात ज्यांनी पाहिला, असा मनुष्य आज हयात असणे अशक्यप्राय आहे. गंधर्वांचे निधन १५ जुलै १९६७ रोजी झाले. मी त्या वेळी पाटीवर मुळाक्षरे गिरवीत होतो. तेव्हा आजोबांची भक्ती आणि नातवाची अश्रद्धा ह्या दोन्ही परक्याच्या शब्दावर उभ्या आहेत. आजोबांस ती त्यांच्या वडिलांनी दिली. नातवास ती मित्रमंडळाने दिली. दोघांनीही स्वतःच्या कानास साक्षीस बोलाविलेले नाही.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथे ‘मालविकाग्निमित्रा’ची प्रस्तावना आठवली असेल. भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा नामवंतांची नाटके असताना कालिदास नावाच्या ह्या आजच्या कवीचे नाटक कशासाठी, असा प्रश्न तेथे सूत्रधारास केला जातो. म्हणजे एके काळी कालिदासच नवखा होता आणि जाणत्यांस त्याची गरज वाटत नव्हती! सूत्रधार उत्तर देतो, त्याचा मथितार्थ एवढाच की, जुनेपण हा गुण नव्हे आणि नवेपण हा दोष नव्हे. शहाण्याने पारखून घ्यावे, दुसऱ्याच्या बुद्धीने चालू नये. पुढे काय झाले, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. सौमिल्ल आणि कविपुत्र ह्यांची नाटके नामशेष झाली. भासाचीही तीच गत झाली असे वाटत असता, त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांस जुन्या ताडपत्रांत तेरा नाटके सापडली आणि १९१२ पासून ती छापून निघू लागली. ती सगळी भासाचीच काय, ह्यावर पंडित अद्याप भांडतात. ती ताडपत्रे वाळवीने खाल्ली असती, तर ‘भास हा उगीच डोक्यावर घेतलेला कवी होता’ असे म्हणणाऱ्यास कोण खोडून काढणार होते? काळाच्या कसोटीस जे उतरते तेच थोर, हे म्हणणे म्हणूनच मला पुरते मान्य नाही. काळ गुणाकडे जेवढा पाहतो, तेवढाच वाळवीकडे आणि तबकडीकडेही पाहतो.

मग घरात करावे काय? त्या भगिनींस माझी विनंती अशी. मामंजींनी रुसवा सोडून सकाळची पदे पुनः सुरू करावीत. कारण नातवाने शंका घेतली म्हणून गाणे बंद करणे, म्हणजे गाण्यापेक्षा आपल्या मानास मोठे करणे होय. चिरंजिवांनी बालगंधर्वांची एकच तबकडी, साडेतीन मिनिटांची, चार दिवस रोज ऐकावी. पहिल्या दिवशी फक्त शब्द ऐकावेत, दुसऱ्या दिवशी फक्त ताल, तिसऱ्या दिवशी सूर कोठून उचलला आणि कोठे ठेवला ते, आणि चौथ्या दिवशी सर्व मिळून. त्यानंतर त्याने बेलाशक ‘नाही आवडले’ म्हणावे. त्याचे ते मत असेल, आणि त्यास कोणी हसू नये. तसेच मामंजींनी नातवाने निवडून दिलेली एक तबकडी शेवटपर्यंत ऐकावी, मध्येच उठू नये, आणि आवडली नाही तर का आवडली नाही, ते त्यास नीट सांगावे. तबकडीचे गीत इंग्रजीत असल्यास नातवाने त्याचा अर्थ आधी समजावून द्यावा. तेवढे शिक्षकपण त्यासही साधले पाहिजे. वाद मात्र थांबवू नये. ज्या घरात कलेवर वाद होतो, त्या घरात कला अजून राहत असते.

हे सर्व मी एवढ्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगितले पाहिजे. कल्याणात १९२६ साली स्थापन झालेला गायन समाज अजून गाणे ऐकवीत आहे. ठाण्यास राम मराठ्यांच्या स्मरणार्थ महानगरपालिका संगीत महोत्सव भरविते, गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन १९७८ पासून उभे आहे, आणि कल्याणास अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीस फुले कलामंदिर आहे. वास्तूंची आपणांस वाण नाही. पण संगीत नाटकाच्या प्रयोगास मी जातो, तेव्हा मागच्या रांगेतून पुढे पाहिले असता पांढऱ्या केसांचाच समुद्र दिसतो. ह्याचे कारण तरुणांस गाणे आवडत नाही, हे नव्हे. नेरूळच्या मैदानाने ते सिद्ध केले आहे. कारण असे की, आम्ही त्यांस गाणे दिले नाही, गाण्याची कीर्ती तेवढी दिली. ‘हे थोर आहे, नमस्कार कर,’ असे सांगितलेल्या वस्तूस मुलगा नमस्कार करतो आणि निघून जातो. ‘हे ऐक, आणि तुला काय वाटते ते मला सांग,’ असे म्हटले, तर तो निदान बसतो. चांदीची भांडी वारशाने देता येतात, कान देता येत नाही. तो ज्याचा त्याने तयार करावयाचा असतो, आणि तो तयार होण्याच्या वाटेवर ‘हे उगीच डोक्यावर घेतले आहे’ असे एकदा तरी म्हणावेच लागते.

तेव्हा पुढील नाट्यप्रयोगाचे तिकीट काढताना वाचकांनी घरातील एखाद्या अश्रद्धासाठी एक जादा काढावे, आणि प्रयोग संपल्यावर परतीच्या वाटेवर त्यास बोलू द्यावे. तो काय म्हणेल, ते आपणांस रुचेलच असे नाही; पण त्याने स्वतः ऐकून म्हटलेले असेल, आणि तेवढ्याने रंगभूमीस एक प्रेक्षक मिळालेला असेल.